करडी आकृती आणि थरथरणारं पातं : एका भुताटकीचा प्रकरण अभ्यास

भूत पाहिल्याचं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा दोनच शक्यता येतात. एक तर हा माणूस खोटं बोलतोय, नाही तर याचं डोकं ठिकाणावर नाही. तिसरी शक्यता अशी की माणूस खरं बोलतोय, चांगला शहाणासुरता आहे आणि तरीही खोलीत कुणी नव्हतं. ही शक्यता आपल्याला पटकन सुचत नाही. माझ्या मते मनापासून सांगितलेले जवळजवळ सगळे भुतांचे अनुभव या तिसऱ्या खणातले असतात. शंभर कथा वरवर चाळण्यापेक्षा एकच घटना उलटीपालटी करून पाहावी, म्हणून हे प्रकरण निवडलं.

निवडण्यामागे कारणं आहेत. अनुभव घेणारा माणूस अभियंता होता. त्याने स्वतःच्या हाताने तो लिहून ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या हाती एक धागा लागला आणि त्याने तो सोडला नाही. त्याने काढलेलं उत्तर पुढे जगभर गाजलं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते उत्तर नंतर इतरांनी तपासूनही पाहिलं.

प्रयोगशाळेतली रात्र

व्हिक टँडी हे ब्रिटिश अभियंते. १९९८ साली त्यांनी कॉव्हेंट्री विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टोनी लॉरेन्स यांच्यासोबत आपल्या जुन्या नोकरीतला एक अनुभव लेखरूपाने मांडला. तो छापून आला 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' या संस्थेच्या नियतकालिकात. ही संस्था १८८२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. अशा अनुभवांची शिस्तीने नोंद घेणं हे तिचं काम.

टँडी ज्या कंपनीत होते तिथे वैद्यकीय उपकरणांची आखणी होई. प्रयोगशाळा म्हणजे पाठीला पाठ लावलेली दोन गॅरेजेस, सुमारे १० फूट रुंद आणि ३० फूट लांब, बोळासारखी. तिथे तिघं जण काम करत. जागा झपाटलेली आहे अशी कुजबुज होती, पण टँडींनी ती मनावर घेतली नव्हती. इमारतीत रुग्णांना श्वास पुरवणारी यंत्रं चालत, त्यांची धाप लागल्यासारखी घरघर ऐकून लोकांना काहीबाही वाटत असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं. एके सकाळी ते कामावर पोहोचले तेव्हा सफाई करणारी बाई घाबऱ्याघुबऱ्या बाहेर पडत होती. तिने काहीतरी पाहिलं होतं. टँडींनी त्यावरही उत्तर काढलं: भटकी मांजरं असतील, दुसरं एखादं जनावर असेल, नाही तर उजेडाचा खेळ.

मग त्यांनाही चमत्कारिक वाटायला लागलं. मन उगाच खिन्न व्हायचं, मध्येच अंगावरून थंड शिरशिरी जायची. एकदा एक सहकारी, टँडी शेजारीच उभे आहेत अशा समजुतीने, काही सांगायला वळला. टँडी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होते. अस्वस्थता वाढत होती, पण कामाच्या रेट्यात सगळेच ती बाजूला सारत होते.

एका रात्री बाकीचे गेल्यावर टँडी एकटेच टेबलाशी काम करत बसले. घाम येत होता आणि तरी थंडी वाजत होती. मनावर मळभ आलं होतं. रिकाम्या कारखान्यातून कुरकुर, करकर असे आवाज येत होते, मांजरं फिरत होती, ते सगळं ओळखीचं होतं. पण त्यापलीकडे खोलीत आणखी कुणीतरी आहे असं वाटत होतं. टेबलाजवळून गेल्याशिवाय आत येता येत नव्हतं, म्हणजे कुणी शिरलं असतं तर दिसलं असतं. इथे टँडींनी जे केलं त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. ते उठले आणि त्यांनी वायूंचे सिलिंडर तपासले. प्रयोगशाळेत ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर असत, भूल देण्याची औषधंही कधीमधी हाताळली जात. यातलं काही गळत असेल तर माणसाला काहीही होऊ शकतं. सगळं ठीक होतं. ते कॉफी घेऊन परत टेबलाशी बसले.

लिहिता लिहिता आपल्याकडे कुणी पाहतंय असं त्यांना जाणवलं. डाव्या बाजूला, नजरेच्या अगदी कडेला, एक आकृती हळूहळू आकाराला आली. अस्पष्ट, करडी, आवाज नसलेली. पण माणूस हलावा तशी हलणारी. त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. आपण भयंकर घाबरलो होतो हे त्यांनी लेखात आडपडदा न ठेवता लिहिलं आहे. शेवटी धीर एकवटून त्यांनी मान वळवली. आकृती विरत गेली आणि नाहीशी झाली. आपलं डोकं फिरायला लागलंय, असं ठरवून ते घरी गेले.

सुरुवातीला म्हटलेल्या दोन शक्यता इथे आठवाव्यात. स्वतःच्याच अनुभवाचा निवाडा करताना या माणसालाही तिसरी शक्यता सुचली नाही. खोटं आपण बोलत नाही हे त्याला माहीत होतं, मग उरलं ते वेड.

दुसऱ्या दिवशी टँडींना तलवारबाजीच्या स्पर्धेत उतरायचं होतं. तलवारीला मूठ बसवण्यासाठी पात्याच्या शेपटीवर आटे पाडायचे होते. प्रयोगशाळेतल्या बेंच व्हाइसमध्ये, म्हणजे कामाच्या टेबलाला बसवलेल्या शिकंजात, पातं धरणं सोयीचं, म्हणून ते लवकर आले. पातं व्हाइसमध्ये आवळलं आणि थेंबभर तेल शोधायला गेले. परत येऊन पाहतात तो पात्याचं मोकळं टोक वेड्यासारखं वरखाली थरथरत होतं. हात लावायला कुणी नव्हतं. आदल्या रात्रीची भीती पुन्हा चाटून गेली. पण थरथरणारं लोखंड ही अभियंत्याच्या ओळखीची गोष्ट. त्यांनी पातं एका सुट्या व्हाइसमध्ये बसवलं आणि जमिनीवरून खोलीच्या लांबीभर सरकवत नेलं. टेबलाकडे जाताना थरथर वाढत गेली, टेबलाच्या रेषेत सर्वांत जास्त झाली, पुढे ओसरत गेली आणि टोकाला पूर्ण थांबली. टेबल खोलीच्या बरोबर मध्यावर होतं.

यावरून त्यांनी ताडलं की खोलीत कमी वारंवारितेचा स्थिर तरंग उभा आहे, म्हणजे भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे जागच्या जागी डोलणारी लाट. दोन्ही टोकं बंद असलेल्या जागेत अर्धी तरंगलांबी मावते, म्हणजे ३० फुटांच्या खोलीत तरंगलांबी ६० फूट. ध्वनीच्या वेगाला तिने भागलं की सेकंदाला सुमारे १९ आंदोलनं येतात, १९ हर्ट्झ. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ मानतात. त्याखालच्या ध्वनीला अवश्राव्य ध्वनी म्हणतात. तो ऐकू येत नाही, पण दाबाचे चढउतार अंगावर येतच असतात. शोध घेतल्यावर उगमही सापडला: हवा बाहेर टाकण्यासाठी खोलीच्या एका टोकाला नवा पंखा बसवला होता. त्याची बसवण्याची रीत बदलली आणि तरंग गेला.

डोळ्याचा गोळा १८ हर्ट्झच्या आसपास अनुनादाने, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लयीशी धक्क्यांची लय जुळल्याने, कंप पावतो, असा उल्लेख टँडींना नासाच्या एका तांत्रिक अहवालात मिळाला. १९ आणि १८ जवळजवळ आहेत. म्हणजे डोळा थरथरला, नजरेच्या कडेला काहीतरी डागाळलं आणि मेंदूने त्याचा माणूस केला. खिन्नता, शिरशिरी, थंडी यांचाही त्यांनी अवश्राव्य ध्वनीशी संबंध जोडला.

त्या रात्रीचे तुकडे

ही उकल इतकी देखणी आहे की माणूस तिथेच थांबतो. मी काही काळ ती बाजूला ठेवतो आणि असं विचारतो: पंखा नसताच, तरीही हा अनुभव येऊ शकला असता का?

आधी घाम आणि थंडी घेऊ. भीतीच्या क्षणी शरीर पळण्याच्या तयारीला लागतं. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त स्नायूंकडे जातं, घामाच्या ग्रंथी सुरू होतात आणि केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आवळून केस उभे करतात. ओल्या, रक्त कमी झालेल्या त्वचेला खोली गार वाटणारच. गारवा हे भुताच्या येण्याचं लक्षण म्हणून जगभर सांगितलं जातं. तो भीतीचा परिणाम असू शकतो, पण ज्याला जाणवतो त्याला तो भीतीचं कारण वाटतो. खोलीत तापमापक नसला तर आतली थंडी आणि बाहेरची थंडी यांत फरक करण्याचं साधन माणसाकडे नसतं.

आता करडी आकृती. हात लांब करून अंगठ्याचं नख डोळ्यासमोर धरलं तर ते जेवढी जागा व्यापतं, साधारण तेवढीच जागा आपल्याला एका वेळी खरोखर स्पष्ट दिसते. दृष्टिपटलाच्या मधल्या छोट्याशा खळग्यात रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंक्वाकार पेशींची दाटी असते. तिथून कडेकडे जावं तशी बारकावे टिपण्याची आणि रंग ओळखण्याची ताकद झपाट्याने घटते. कडेला हालचाल मात्र चांगली कळते. तरी आपल्याला समोरचं सगळं दृश्य सारखंच रेखीव आणि रंगीत वाटतं, कारण डोळे सारखे भिरभिरत असतात आणि उरलेल्या जागा मेंदू आपल्या अंदाजाने भरून काढतो. हा अंदाज आपल्याला अंदाज म्हणून कधीच दिसत नाही. तो 'पाहिलेलं' म्हणूनच हाती येतो.

टँडींचं वर्णन आता पुन्हा वाचावं. आकृती नजरेच्या कडेला होती, तिला तपशील नव्हता, रंग नव्हता, हालचाल होती, आणि मान वळवताच ती गेली. नजरेच्या कडेने केलेल्या अंदाजात जे असावं तेवढंच तिच्यात होतं. मान वळवली म्हणजे तो अंदाज डोळ्याच्या सर्वांत तीक्ष्ण भागासमोर तपासणीला आला आणि तपासणीत टिकला नाही. कडेला दिसणारी आणि पाहायला गेलं की नाहीशी होणारी भुतं इतकी सर्रास का असतात, याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं.

पण आकृती माणसाचीच का? गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसाच्या सांध्यांवर दिवे लावून त्याला अंधारात चालायला लावलं. पाहणाऱ्याला दिसत होते फक्त डझनभर हलणारे ठिपके, पण माणूस चालतोय हे लोकांनी क्षणार्धात ओळखलं. मेंदूला माणसाची चाल ओळखण्यासाठी इतकं थोडं पुरतं. ही फार मोठी देणगी आहे, आणि जिथे माणूस नाही तिथेही तो उभा करण्याची सोय तिच्यातच आहे. एखाद्या सावलीला माणूस समजलो तर दोन क्षण दचकण्यापलीकडे नुकसान नाही. खरा माणूस अंधारात दबा धरून असला आणि त्याला सावली समजलो तर जिवावर बेतू शकतं. अशा हिशेबात मेंदू पहिल्या चुकीकडे झुकलेला राहणार.

कुणीतरी जवळ आहे ही जाणीव तर डोळ्यांवरही अवलंबून नाही. मेंदूचे अभ्यासक ओलाफ ब्लांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे केलेलं काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. निरोगी स्वयंसेवकांचे डोळे बांधले. ते समोरचा एक यांत्रिक हात हलवत आणि पाठीमागचा दुसरा यांत्रिक हात तीच हालचाल त्यांच्या पाठीवर करी. दोन्ही एकाच वेळी होत तोवर आपणच आपल्या पाठीला हात लावतोय असं त्यांना वाटे. पाठीवरचा स्पर्श अर्धा सेकंद उशिराने द्यायला सुरुवात केली तेव्हा काहींना मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवू लागलं. दोघांना ते इतकं असह्य झालं की त्यांनी प्रयोग थांबवायला सांगितला. खोलीत यंत्र आहे हे त्यांना ठाऊक होतं. मेंदू स्वतःच्या शरीराचा जो ठाव सतत घेत असतो त्याची जुळणी किंचित चुकली आणि स्वतःचीच जाणीव परक्या माणसाची होऊन मागे उभी राहिली. शेजारी टँडी आहेत असं समजून वळणारा तो सहकारी मला इथे आठवतो. त्याने भूत पाहिलं नाही, ओळखीचा माणूस 'जाणवून' घेतला. बोलायला वळण्याइतकी खात्री त्याला होती. चूक लगेच कळली, कारण खरे टँडी खोलीत दिसत होते. ते त्या वेळी घरी असते तर त्याच जाणिवेचं काय झालं असतं?

आणि कुजबुज होतीच. रेन्स लांगे आणि जेम्स हुरान यांनी १९९७ मध्ये छापलेल्या अभ्यासात २२ जणांना एका बंद पडलेल्या नाट्यगृहातून फिरवलं. काहींना जागा झपाटलेली असल्याचं सांगितलं, काहींना फक्त नूतनीकरण चालू असल्याचं. जागा तीच, पण झपाटलेली म्हणून ऐकलेल्यांनी कितीतरी जास्त विचित्र अनुभव नोंदवले. टँडींनी कुजबुज धुडकावली होती हे खरं. पण धुडकावण्यासाठीही ती आधी कानावर पडावी लागते. अपेक्षेला आपली संमती लागत नाही.

उकलीची परीक्षा

टँडींच्या उत्तराबद्दल मला आदर आहे. म्हणूनच त्यातल्या फटीही दाखवायला हव्यात. पातं थरथरलं, ते टेबलाशी सर्वांत जास्त थरथरलं, पंखा बदलल्यावर थांबलं, इतकं निरीक्षण पक्कं आहे. १९ हर्ट्झ हा आकडा मात्र खोलीच्या लांबीवरून हिशेबाने काढलेला आहे. शरीराला चिकटून येणाऱ्या कंपनाने डोळा हलणं आणि हवेतून येणाऱ्या क्षीण दाबाने डोळा हलणं यांतही मोठं अंतर आहे. पात्यासारखी बारीक लवचीक वस्तू हलते म्हणून पाण्याने भरलेला, चरबीत बसवलेला डोळा हलेलच असं नाही. आणि आकृती दिसली तेव्हा डोळा खरोखर कंप पावत होता याचा पुरावा त्या रात्रीबरोबर गेला.

आणखी एक गोष्ट मला खटकते. पंखा दुरुस्त झाला आणि जणू मोठं ओझं उतरलं, असं टँडींनी पुढे सांगितलं. पण त्या दिवशी दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या. तरंग गेला आणि गूढही गेलं. आपण वेडे नाही, जागा झपाटलेली नाही, हे कळलेल्या माणसाचं मन हलकं होणारच. कुणालाही न सांगता पंखा काही दिवस चालू, काही दिवस बंद ठेवून पाहिला असता तर दोन्ही कारणं वेगळी करता आली असती. कामाच्या जागी असं कोण करणार, हेही खरं. टँडींना त्यासाठी दोष देता येत नाही.

शोध मात्र पुढे चालू राहिला. २००० मध्ये टँडींनीच कॉव्हेंट्रीतल्या पर्यटक माहिती केंद्राखालच्या चौदाव्या शतकातल्या तळघराची पाहणी प्रसिद्ध केली. तिथे लोकांना विलक्षण अनुभव येत, आणि तिथेही १९ हर्ट्झच्या जवळ अवश्राव्य ध्वनी आढळला. २००३ मध्ये लंडनच्या पर्सेल रूममध्ये एका संगीत कार्यक्रमात श्रोत्यांच्या नकळत काही रचनांमध्ये १७ हर्ट्झचा स्वर मिसळला. तो असताना चमत्कारिक संवेदनांच्या नोंदी सुमारे २२ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे अवश्राव्य ध्वनीने काही होतच नाही असं म्हणता येत नाही. पण छातीत धडधडणं किंवा उदास वाटणं वेगळं आणि करडा माणूस दिसणं वेगळं.

कडक तपासणी झाली ती लंडन विद्यापीठाच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांनी एक रिकामी, पांढरी, मंद उजेडाची खोली मुद्दाम उभारली. तिच्यात अवश्राव्य ध्वनी आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र गुपचूप चालू-बंद करता येत होतं. ७९ जण एकेकटे ५० मिनिटं तिच्यात फिरले. इथे विचित्र संवेदना होऊ शकतात, एवढं त्यांना आधी सांगितलं होतं. बहुतेकांना काही ना काही जाणवलं. काहींना कुणी असल्याचं वाटलं, काही भयभीतही झाले. पण ध्वनी आणि क्षेत्र चालू होतं की बंद, याने फरक पडला नाही. सूचना आणि रिकामी खोली, एवढ्यावर भागलं होतं.

मला या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा धडा वाटतो. '१९ हर्ट्झमुळे भुतं दिसतात' हे वाक्य आज लोक मोठ्या विश्वासाने एकमेकांना सांगतात, आणि सांगणारे बहुतेक स्वतःला चिकित्सक समजणारे असतात. ते कसं पसरलं? एका विश्वासू माणसाचा थरारक अनुभव, नेमकी जुळणारी एक खूण, आणि पुन्हापुन्हा सांगताना गळून गेलेले 'कदाचित'. भुताची गोष्टही याच वाटेने जाते. भुतावर विश्वास असलेला आणि नसलेला, दोघांचाही मेंदू पूर्ण जुळलेल्या गोष्टीपाशी सैलावतो.

पण म्हणून जागांमुळे काहीच होत नाही, असं म्हणणंही उतावीळपणाचं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी लंडनजवळचा हॅम्प्टन कोर्ट राजवाडा आणि एडिनबरामधली साउथ ब्रिजखालची तळघरं इथे शेकडो लोकांच्या नोंदी घेतल्या. हे काम २००३ मध्ये छापलं गेलं. ज्या कोपऱ्यांची ख्याती वाईट होती तिथेच जास्त अनुभव आले, आणि ती ख्याती आधी ठाऊक नसलेल्यांनाही आले. त्यांचा संबंध उजेड, खोलीचा आकार अशा साध्या गोष्टींशी लागत होता. ज्या खोलीत पाठ कुठे टेकवावी कळत नाही, उजेड एका बाजूनेच येतो, तिथे निरनिराळ्या माणसांना सारखंच वाटू शकतं. 'आम्हाला काही माहीत नसताना त्याच खोलीत तसंच वाटलं' असं लोक सांगतात तेव्हा ते खरं सांगत असतात.

इतकी खात्री का?

'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च'ने १८९४ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली होती. पूर्ण जागे असताना, तिथे नसलेलं कुणी दिसलं, ऐकू आलं किंवा स्पर्शून गेलं असं कधी झालं आहे का, हा प्रश्न सुमारे १७,००० जणांना विचारला होता. जवळजवळ दर दहातल्या एकाने होकार दिला. इतकी माणसं खोटारडी किंवा आजारी असणं शक्य नाही. असे भास निरोगी आयुष्याचा भाग आहेत, ज्यांना होतात त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला एखाद-दुसऱ्यांदाच येतात आणि म्हणूनच विसरत नाहीत.

खात्रीचं मूळ माझ्या समजुतीप्रमाणे असं आहे. 'मला वाटलं' आणि 'मी पाहिलं' या दोन शब्दप्रयोगांत भाषा फरक करते. त्या क्षणाच्या अनुभवात मात्र तसा शिक्का नसतो. खरी खुर्ची आणि कडेला तरळलेला माणूस, दोन्ही मेंदूत त्याच वाटेने येतात आणि सारख्याच हक्काने 'बाहेर' दिसतात. तुझे डोळे फसले, असं म्हणणारा माणूस खरं तर दुसऱ्याला त्याच्या एकमेव साक्षीदारावर अविश्वास दाखवायला सांगत असतो. रस्ता ओलांडताना, मुलाचा चेहरा ओळखताना, दिवसभर ज्या साक्षीदाराने साथ दिली, त्याला एका रात्रीपुरता खोटा ठरवायचं. कुणीही सहजासहजी हे करणार नाही.

त्यात भीती ही स्वतःच पुरावा बनते. काही नसतं तर मी इतका घाबरलो कशाला असतो, हा विचार कुणी मोठ्याने बोलत नाही, पण तो आत बसतो. नंतर आठवण काम करू लागते. वाइजमन यांच्या चमूने मृतांच्या आत्म्यांना बोलावण्याची खोटी प्रेतात्मा-बैठक भरवून एक पाहणी केली होती. बैठक चालवणाऱ्या नटाने टेबल हलतंय असं सुचवलं; टेबल जागचं हललं नव्हतं. नंतर विचारल्यावर जवळजवळ एकतृतीयांश लोकांनी ते हलल्याचं सांगितलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांच्या आठवणीत टेबल हललं होतं. एकट्याने घेतलेल्या अनुभवाला तर दुरुस्त करणारं कुणीच नसतं, आणि प्रत्येक वेळी सांगताना अडखळणाऱ्या जागा गुळगुळीत होत जातात.

हसण्यावारी नेलं तर

टँडींनी आधी सिलिंडर तपासले, हे मी मुद्दाम सांगितलं. १९२१ मध्ये विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रवैद्याने एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. नव्या घरात राहायला गेल्यावर त्यांना डोकेदुखी आणि थकवा सुरू झाला, मुलं निस्तेज झाली, घरातली झाडं वाळली. रात्री पावलं वाजत, अनोळखी माणसं दिसत. घर तापवण्याची भट्टी नादुरुस्त असल्याचं अखेर निघालं. तिचा धूर धुराड्यातून जाण्याऐवजी खोल्यांत शिरत होता. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन असतो. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो आणि मेंदूची उपासमार करतो. भट्टी दुरुस्त झाली आणि भुतं गेली. त्या कुटुंबाला 'तुमच्या मनाचे खेळ' म्हणून कुणी वाटेला लावलं असतं तर सगळे झोपेतच दगावू शकले असते. 'घरात भुतं आहेत, सोडून जा' असं सांगणारा निदान त्यांचा जीव तरी वाचवता.

म्हणून असं कुणी सांगू लागलं की मला त्याला दिव्याबद्दल, झोपेबद्दल, औषधांबद्दल, शेगडीबद्दल, एकाच वेळी घरात किती जणांचं डोकं दुखतंय याबद्दल विचारावंसं वाटतं. 'काय पाहिलंस' याच्याआधी 'तू कुठे होतास, कुठे पाहत होतास' हे विचारावंसं वाटतं.

टँडींच्या लेखात पुन्हापुन्हा मी ज्या जागी थांबतो, ती जागा सुरुवातीलाच आहे. ते पात्याचा माग काढत गेले, पण आधी एक माणूस घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याने त्याच दारातून बाहेर पडला होता. सफाई करणाऱ्या त्या बाईच्या वाट्याला लेखात एक-दोन वाक्यं आली आहेत. तिचा अनुभव मांजरांवर आणि उजेडावर गेला. अभियंत्याचा अनुभव पंख्यापर्यंत पोहोचला. ती झाडत त्या टेबलापाशी आली होती का, खोलीच्या मध्यावर? दिवे लागले होते का? पंखा चालू होता का? त्या सकाळी कुणी तिला बसवून एवढं विचारलं असतं, तर टँडींना एकट्याने ती रात्र काढावी लागली नसती.